गळलेला ‘एल’

मी डीटीपी करते, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावते. लोकांची पुस्तकं, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, आणि सप्टेंबर उजाडला की दिवाळी अंक. डोंबिवलीत घरातल्याच एका कोपऱ्यात टेबल आहे, त्यावर २०१४ साली घेतलेला लॅपटॉप. आय५-४२१०यू प्रोसेसर, चार जीबी रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी. घेतला तेव्हा चार जीबी पुष्कळ वाटली होती. मधल्या काळात फायली साठवणारी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी घातली, बॅटरी एकदा बदलली, की-बोर्डावरची चार अक्षरं पुसून गेली. बाकी गाडी चालू होती.

यंदाचा एक अंक २०८ पानांचा. इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये तो उघडायचा, शेजारी श्रीलिपी या जुन्या फाँटपद्धतीत आलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, ब्राउझरमध्ये लेखक मंडळींचे ‘एवढा एकच परिच्छेद बदला’वाले ईमेल. पान खाली सरकवायचं म्हटलं तरी मधे चहा करून व्हायचा. टास्क मॅनेजर उघडून बघितला, मेमरी ९६ टक्के भरलेली. भाच्याला फोन लावला. तो पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो आणि आमच्या घरातल्या सगळ्या यंत्रांची दुखणी त्याच्याकडे जातात.

“मावशी, रॅम वाढव. तुझ्यात दोन स्लॉट आहेत, एक रिकामा असणार. आठची घाल, बारा होतील. डीडीआर३, १६००, लॅपटॉपची. लिहून घे.”

मी लिहून घेतलं. डीडीआर३, १६००, लॅपटॉपची. (डीडीआर३ हा रॅमचा प्रकार, १६०० तिचा वेग.) तो बोलला तेवढंच, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. पुढे जे झालं त्यात हा कागद मुख्य आरोपी आहे. त्यातली चूक त्याची की माझी, यावर आमचं अजून एकमत नाही.

शुक्रवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. लॅमिंग्टन रोडचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारला तर तिथला माणूसही जरा थबकतो. डीडीआर३ नवी आता फारसं कोणी ठेवत नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या रॅमच्या पट्ट्या ट्रेमध्ये बिस्किटांसारख्या उभ्या रचलेल्या असतात, त्यातून दुकानदार बोटाने चाळून एक वर काढतो. मला आठ जीबीची साडेनऊशेला मिळाली. मागच्या बाजूला त्याने छोटा गोल स्टिकर डकवून पेनाने तारीख टाकली, एक महिन्याची वॉरंटी. “डाल दो, चल जाएगा,” म्हणाला.

जेवणं उरकल्यावर टेबल साफ केलं. चार्जर काढला, बॅटरी काढली, लॅपटॉप पालथा घातला. मागच्या पत्र्याला अकरा स्क्रू. त्यातले दोन रबरी पायांच्या खाली लपलेले, ते शोधण्यात वीस मिनिटं गेली. जुना मसाल्याचा डबा रिकामा होता तो घेतला: मोहरीच्या वाटीत आखूड स्क्रू, हळदीच्या वाटीत लांब. ही युक्ती मात्र मी कोणालाही सांगेन, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो आत कुठेतरी घुसतो आणि ते आपल्याला दिसत नाही.

आत जुनी पट्टी होती आणि तिच्या डोक्यावर रिकामा स्लॉट. एवढं दिसल्यावर नवी घालून मोकळं व्हायचं. पण माझा धंदाच मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी ठेवून वाचायचा. म्हणून जुनी पट्टी बाहेर काढली, दिव्याखाली दोन्ही लेबलं जुळवली. दोन्हींवर १२८०० छापलेलं. हा आकडा १६०० चा आठपट, म्हणजे दर सेकंदाला इतके मेगाबाइट, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. आकडा जुळला. समाधान झालं. मग दोन्ही बसवल्या, पत्रा नुसताच वर ठेवला, बॅटरी सरकवली, बटण दाबलं.

दिवा लागला. पंखा एकदा घुर्रकन फिरला आणि थांबला. स्क्रीन काळी. कॅप्स लॉकचा दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा.

पहिली पाच मिनिटं माणूस जे करतो तेच मी केलं: बटण बंद, बटण चालू, बटण बंद, बटण चालू. मग नवी पट्टी काढून टाकली. जुनी होती तशी एकटीच. म्हणजे सकाळी ज्या अवस्थेत मशीन उत्तम चालत होतं, त्याच अवस्थेत ते परत आणलं. बटण दाबलं.

काळी स्क्रीन. तीनदा लुकलुक.

इथे माझे हातपाय गार पडले. नवीन वस्तू चालली नाही तर परत देता येते. पण चालू वस्तू आपण उघडून बंद पाडली असेल तर कोणाकडे जायचं? सगळा अंक त्यात. गणपतीनंतर बॅकअप घेतलेला नव्हता. रॅम आणि एसएसडी या वेगळ्या गोष्टी आहेत, रॅममध्ये वीज गेली की काही उरतच नाही आणि फायली एसएसडीवर सुखरूप असतात, हे मला दुपारी कोणी विचारलं असतं तर मीच समजावून सांगितलं असतं. रात्री बाराला ते आठवत नाही.

मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, “सीमॉस बॅटरी काढा, दहा मिनिटांनी लावा, शंभर टक्के चालू होणार.” ही आत मदरबोर्डवर बसलेली रुपयाएवढी गोल चपटी बॅटरी, सीआर२०३२. लॅपटॉप बंद असताना तारीख-वेळ चालू ठेवणं हे तिचं काम. मी ती नखाने उचकटली, दहा मिनिटं घड्याळ लावून बसले, परत बसवली. फरक शून्य. निदान तेव्हा तरी असं वाटलं.

साडेबाराला भाच्याला मेसेज टाकला, ‘जागा आहेस का’. तो जागा होता, त्यांच्या वयात सगळे जागेच असतात. व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पाणी प्यायच्या तांब्याला टेकवून ठेवला.

“तीनदा लुकलुकतंय ना? तुझ्या कंपनीच्या तक्त्यात तीन म्हणजे मेमरी. बोर्ड गेलेला नाही, तो तुझ्याशी बोलतोय. आधी एक सांग, पट्टी काढताना बॅटरी काढली होतीस?”

पहिल्यांदा काढली होती. दुसऱ्यांदा घाईत नुसता चार्जर काढला होता. मी गप्प बसले, त्याला उत्तर मिळालं.

त्याने जे करायला लावलं ते असं. चार्जर काढ, बॅटरी काढ, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर. आत कुठे उरलीसुरली वीज असेल ती निघून जाते. मी तीस अंक मोठ्याने मोजले, आतल्या खोलीतून यजमानांनी विचारलं, “काय मोजतेयस?” मग पट्टी बाहेर काढून सोनेरी दातांच्या कडेवरून पांढरा खोडरबर हलकेच फिरवायचा, चुरा झटकून टाकायचा, बोट लावायचं नाही. डीडीआर३ च्या लॅपटॉप पट्टीला असे २०४ दात असतात; एकावर जरी अकरा वर्षांचा मळ असला तरी पुरतो. स्थिर विजेची भीती त्याने घातली, नळाला हात लावून ये म्हणाला. सप्टेंबरातल्या डोंबिवलीच्या दमट हवेत स्थिर वीज कुठून येणार हे मला कळलं नाही, पण जाऊन हात लावून आले.

“आता घाल. तिरकी घालायची, पार आत, आणि मग खाली दाबायची.”

घातली. दाबली.

“टक असा आवाज आला?”

“आला.”

“एकदा की दोनदा?”

मी चष्मा कपाळावर चढवून नाक लावून पाहिलं. पट्टीच्या दोन बाजूंना दोन बारीक पत्र्याच्या कड्या असतात, त्या पट्टीच्या कडेवर चढून तिला खाली धरून ठेवतात. डावी चढलेली होती. उजवी पट्टीच्या कडेला टेकून नुसती उभी होती. आणि सोनेरी दातांची रेघ डावीकडे जवळजवळ दिसेनाशी, उजवीकडे मात्र दोऱ्याएवढी उघडी. पट्टी वाकडी बसलेली होती. मघाशीही अशीच बसवली असणार, म्हणून जुनी एकटी असतानाही मशीन ओळखत नव्हतं. मी लेबल वाचायला ती बाहेर काढली नसती तर हा अर्धा ताप झालाच नसता.

पुन्हा काढली, दोन्ही अंगठ्यांनी कडा धरून आत सारली. आत जाताना ती शेवटी जरा अडते आणि मग एक केसभर पुढे जाते. तो केसभर पुढे जाणं महत्त्वाचं. खाली दाबली. टक, टक.

बटण. पंखा. कंपनीचं चिन्ह. मी हात जोडले. भाचा पलीकडून टाळ्या वाजवत होता, तेवढ्यात काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत ओळ आली: बूट डिव्हाइस सापडत नाही, हार्ड डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम घाला.

“मावशी, अजून काय काय केलंयस?”

गोल बॅटरीचं मग सांगावं लागलं. तो एक मिनिटभर काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, हा लॅपटॉप विंडोजसकट घेतला होतास का? नव्हता. फ्री डॉसवाला स्वस्त पडत होता म्हणून तो घेतला आणि दुकानातल्या मुलाने विंडोज ७ घालून दिली, तीच पुढे चढत विंडोज १० झाली. तर गोष्ट अशी होती की त्या मुलाने तेव्हा बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज सुरू करायची ‘लेगसी’ नावाची जुनी पद्धत चालू करून विंडोज घातली होती. मी गोल बॅटरी उपटल्यावर माझ्या मशीनचा बायॉस कारखान्यातून निघाला तेव्हाच्या मूळ सेटिंगवर गेला, तिथे लेगसी बंद, नवी यूईएफआय पद्धत चालू. एसएसडी जागेवर, विंडोज जागेवर, फायली जागेवर. फक्त मशीन चुकीच्या दाराने आत शिरू बघत होतं.

म्हणजे पहिला बिघाड पट्टीचा, आणि दुसरा मी केलेल्या उपायाचा. डॉक्टरांकडे जाण्याआधी शेजारणीचं औषध घेतल्यासारखं. त्या व्हिडिओखाली कौतुकाच्या कमेंटांचा पाऊस होता, ते बघूनच मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला होता.

चालू करताना एफ१० दाबत राहायचं, निळ्या पानावर जायचं, बूट ऑप्शन्समध्ये लेगसी सपोर्ट चालू करायचा, जतन करून बाहेर. मशीनने खात्री करायला एक चार आकडी नंबर दाखवला, तो टाइप करायला लावला. एक वाजून चाळीस मिनिटांनी विंडोज उघडली. अंक होता. सगळाच्या सगळा. मी लगेच पेनड्राइव्ह लावून पूर्ण फोल्डर उतरवून घेतला आणि मग, झोप उडालीच होती, पहिल्या फॉर्मच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पहिल्या काही पानांच्या, राहिलेल्या दुरुस्त्या पहाटेपर्यंत करून टाकल्या. सकाळी छापखान्याचा मुलगा पेनड्राइव्हवरून तो फॉर्म घेऊन गेला.

शनिवारी दुपारी ईमेल उघडायला गेले तर ब्राउझर प्रत्येक साइटला सांगतोय, कनेक्शन सुरक्षित नाही. बँक नाही, मेल नाही, काही नाही. व्हायरस आला म्हणून पुन्हा धसका. शेवटी उजव्या कोपऱ्यात खाली नजर गेली. तारीख १ जानेवारी २०१४. गोल बॅटरीबरोबर घड्याळही मूळपदावर गेलं होतं, आणि साइटची सुरक्षेची प्रमाणपत्रं त्या तारखेला अजून जन्मायचीच होती. तारीख दुरुस्त केली, सगळं उघडलं. त्या क्षणी हे प्रकरण मिटलं असं मी समजले.

रविवारी भाच्याने नव्या पट्टीची परीक्षा घ्यायला लावली. त्याची अट एकच, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी कागदावर लिहायचं. जुनी पट्टी खालच्या स्लॉटमध्ये: चालू. जुनी वरच्या स्लॉटमध्ये: चालू. म्हणजे दोन्ही स्लॉट धडधाकट. नवी खालच्या स्लॉटमध्ये: तीनदा लुकलुक. नवी वरच्यात: तीनदा लुकलुक. खोडरबर फिरवून, टक-टक दोनदा ऐकून, पुन्हा: लुकलुक. पाच ओळींचा कागद, आणि बोट सरळ नव्या पट्टीकडे.

“दोन्ही लेबलांचे फोटो पाठव,” भाचा म्हणाला. पाठवले. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, “मावशी, तू प्रूफरीडर आहेस ना?”

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. जुनीवर: ४जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस. नवीवर: ८जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००एस.

‘एल’ गळलेला.

आठ मार्चला गावभर लागणाऱ्या फलकांवरचा ‘महिला दीन’ मला रिक्षात बसल्या बसल्या दिसतो. लेखकांनी नजरेआड केलेली वेलांटी मला दिसते. आणि शुक्रवारी रात्री दिव्याखाली मी ही दोन लेबलं जुळवली, तेव्हा १२८०० वर बोट ठेवून पुढे गेले. आपल्याला जे जुळायला हवं असतं तेवढंच डोळा वाचतो. म्हणूनच स्वतः लावलेल्या पानाचं प्रूफ स्वतः वाचायचं नसतं.

हा एल म्हणजे कमी व्होल्टेज. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. दोघींची लांबी सारखी, दात सारखे, मधली खाच त्याच जागी, त्यामुळे पट्टी बिनतक्रार आत जाते. एलवाली पट्टी जुन्या दीड व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये सहसा चालून जाते. उलटं बहुधा चालत नाही. माझा ४२१०यू प्रोसेसर आणि त्याच्या पिढीचे बॅटरी वाचवणारे भाऊबंद फक्त एलवालीच मागतात, बोर्ड १.३५ देतो, पट्टी दीडची वाट बघत बसते, आणि आपण अंधारात लुकलुक मोजत बसतो. खाच जरा इकडेतिकडे ठेवली असती तर असंख्य लोकांच्या रात्री वाचल्या असत्या. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी आहे, ती इथे शिरतच नाही. मग या दोघींनाच एका साच्यात का ओतलं? एलवालीला दोन्हीकडे वावरता यावं म्हणून, एवढं कारण मला कळतं. राग तरीही आहे.

भाच्याचं म्हणणं, २०१४ च्या लॅपटॉपला एल लागतो हे गृहीतच असतं. माझं म्हणणं, गृहीत असतं ते फोनवर सांगायचं असतं.

सोमवारी पुन्हा ग्रँट रोड. दुकानदाराने पट्टी उलटसुलट केली. “मॅडम, रॅम तो ओके है. आपका बोर्ड गया होगा.” मी काही न बोलता मोबाइलवर दोन्ही लेबलांचा फोटो त्याच्यासमोर धरला आणि एलवर बोट ठेवलं. त्याने खालून एक जाडजूड जुना लॅपटॉप काढला, माझी पट्टी त्यात घातली, आणि तो झटकन चालू झाला. म्हणजे त्याचंही खोटं नव्हतं, पट्टी चांगलीच होती. चुकीच्या घरी नांदायला गेली होती. पैसे परत द्यायला तो तयार नव्हता. अडीचशे वर घेऊन ट्रेमधून दुसरी काढून दिली. या वेळी मी लेबल तिथेच उभं राहून वाचलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून एकेक अक्षर करत, प्रूफात आकडे तपासतो तसं. मागे रांगेत उभा असलेला एक मुलगा हसला. हसू दे.

घरी आल्यावर चार्जर, बॅटरी, तीस सेकंद, टक-टक. बटण दाबल्यावर स्क्रीन काही सेकंद काळीच राहिली, मग मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा चालू झालं. त्या सेकंदांत मी श्वास घेतला नाही. पण नवी मेमरी पहिल्यांदा भेटली की काही मशीन असं करतात, हे भाच्याने आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बटणाला हात लावला नाही. बायॉसमध्ये आकडा आला १२२८८ एमबी, म्हणजे ८१९२ आणि ४०९६. बारा जीबी.

वापरलेली पट्टी म्हणून रात्रभर मेमटेस्ट८६+ लावून ठेवला, पेनड्राइव्हवरून चालणारा मोफत प्रोग्रॅम. निळ्या पडद्यावर आकडे पळत राहतात, तो मेमरीच्या घराघरात लिहून परत वाचून बघतो. यजमान पहाटे पाणी प्यायला उठले, म्हणाले, “अजून मोजतेच आहेस?” सकाळी चार फेऱ्या झालेल्या, एरर शून्य. मग मोहरीच्या वाटीतले, हळदीच्या वाटीतले स्क्रू आपापल्या जागी गेले आणि अंक उघडला. पान खाली सरकवलं, ते सरकलं. चहा नंतर केला.

अकराच्या सुमारास छापखान्यातून फोन आला.

“ताई, पहिल्या फॉर्मच्या तुमच्या दोन फायली आहेत आमच्याकडे. एक ‘अंतिम’, ती गुरुवारची. आणि एक ‘अंतिम नवा’, पण ती २०१४ ची दाखवतेय. जुनी काहीतरी चुकून आली असेल म्हणून आम्ही गुरुवारची घेतली. प्लेट काढायला घेऊ ना?”

शनिवारच्या त्या पहाटेच्या सगळ्या दुरुस्त्या १ जानेवारी २०१४ च्या तारखेने जतन झाल्या होत्या.

“थांबा,” मी म्हटलं. गुरुवारच्या फायलीत संपादकांच्या आडनावातला रफार गळलेला होता.